मुका लाकडी बैल ८० मिनिटं पडदा सांभाळेल का?

रेघोट्या (महाल, नागपूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण तोडून विचारला तर नीट कळणार नाही, म्हणून सगळं एकदाच लिहिते.

मी लहान मुलांच्या एका ॲनिमेशन मालिकेची दिग्दर्शिका आहे. सात-सात मिनिटांचे ५२ भाग, दोन पर्वांत मिळून. नायक आहे तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपदातल्या प्रतिपदेला, आमच्याकडे पोरांचा पोळा असतो. चाकाच्या पाटीवर उभे असलेले लाकडी बैल बेगड चिकटवून, झूल घालून, दोरीने ओढत मैदानात आणायचे, तोरणाखाली रांगेत लावायचे आणि पोळा फुटला की घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचा. हातात मावेल एवढ्या बैलापासून चार माणसं लागतील एवढ्या बैलापर्यंत सगळे त्या रांगेत असतात.

माझा पवळ्या हातभर उंचीचा आहे आणि तो बोलत नाही. त्याचं तोंड म्हणजे सुताराने पटाशीने मारलेली एक खाच. तो बोलतो चाकाने. पुढचं डावं चाक कुरकुरतं, तोच त्याचा आवाज. आजोबांनी माझ्यासाठी आणलेला सागवानी बैल अजून घरी आहे, त्याच्याच चाकाचा आवाज मालिकेत वापरला. मे महिन्यात रात्री दोन वाजता, कूलर बंद करून, घामाने थबथबत मी आणि माझा भाऊ ते रेकॉर्डिंग करायचो, कारण दिवसा गल्लीत कधी शांतता नसते. दोरी सावकाश ओढली की प्रश्न येतो. झटका दिला की राग. चाक अर्धंच फिरवून थांबलं की भीती. असे साठेक आवाज जमवले आणि त्यांच्यावर अख्खं पहिलं पर्व उभं राहिलं.

दुसऱ्या पर्वासाठी जुलैत पुन्हा माइक लावला तर तो बैल आमचा वाटेचना. पावसाळ्यात लाकूड फुगतं, खिळ्याभोवती आवळतं, त्यामुळे आवाज जाड झाला, कण्हल्यासारखा. ते सगळं रेकॉर्डिंग बाजूला ठेवलं. बैलाला आठ दिवस तांदळाच्या कोठीत पुरला, कोरडा केला, तेव्हा कुठे जुना आवाज परत आला.

आता मुद्द्याचं. एक निर्माते यावर चित्रपट करू म्हणतात, ८० मिनिटांचा, थिएटरसाठी. माणूस चांगला आहे, पैसा स्वतःचा लावतो आहे, म्हणून त्यांचं म्हणणं उडवून लावावंसं मला वाटत नाही. त्यांच्या दोन अटी आहेत. एक, जुने बारा भाग निवडून, मधे दुवे टाकून चित्रपट करायचा म्हणजे खर्च वाचेल. दोन, पवळ्याला बोलता करायचा, एखाद्या नावाजलेल्या नटाच्या आवाजात.

पहिल्या अटीची परीक्षा मी घेतली. आमच्या भागातल्या देवळाच्या सभागृहात पांढरी चादर लावून बारा भाग सलग दाखवले. तीसेक पोरं होती. पहिले दोन भाग नुसता हशा. तिसरा संपला, पवळ्या नेहमीसारखा कोनाड्यात जाऊन उभा राहिला आणि पुढच्या रांगेतल्या एका मुलाने मागे वळून विचारलं, "संपलं का?" पुढे दर सात मिनिटांनी तेच. पाचव्या भागाला निम्मी पोरं बाहेर माठाजवळ होती. कंटाळा त्यांना पवळ्याचा आला नव्हता, बाहेर ती त्याच्याचसारखं कुर्र-कुर्र करत खेळत होती. पण दर सात मिनिटांनी घरी परतणाऱ्या बैलाची त्यांनी काळजी तरी का करावी?

दुसऱ्या अटीबद्दल माझं मन साफ सांगतं की नको. माझा चार वर्षांचा भाचा टीव्हीसमोर बसून पवळ्याच्या चाकाला उत्तरं देतो. "हो रे, आलो." "नाही, आई रागावेल." पवळ्या बोलायला लागला की भाचा गप्प होईल. पण 'मन सांगतं' हे निर्मात्याला सांगण्यासारखं कारण नाही. ज्यांनी मालिका आणि चित्रपट दोन्हींवर काम केलं आहे त्यांनी सांगा: मुका नायक ८० मिनिटं चालतो का? आणि चालत असेल तर कशाच्या जोरावर?

---

कागदपेन्सिल (पुणे)

ताई, चालतो. उदाहरण आहे. इंग्लंडात ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओची 'शॉन द शीप' ही मालिका २००७ साली सुरू झाली, सात-सात मिनिटांचे भाग, मातीच्या बाहुल्या. मेंढ्या बें-बें करतात आणि शेतकरी नुसता पुटपुटतो, कळेल असा एक शब्द कोणी बोलत नाही. २०१५ साली त्याचा चित्रपट आला, सुमारे ८५ मिनिटांचा. तोही बिनसंवादांचा. ऑस्करच्या ॲनिमेशन गटात त्याला नामांकन होतं.

मात्र तो कशाने तरला ते बघा. मालिकेत भाग कसा संपतो? मेंढ्या काहीतरी उद्योग करून ठेवतात आणि शेतकऱ्याला कळायच्या आत सगळं जागच्या जागी लावतात. त्या शेतकऱ्यापाशी येऊन प्रत्येक गोष्ट मिटते. चित्रपटात त्यांनी नेमका तोच काढून घेतला. शेतकरी शहरात जाऊन पडतो, त्याची स्मरणशक्ती जाते, मेंढ्या समोर उभ्या राहिल्या तरी तो त्यांना ओळखत नाही. आता सारवासारव करायची तरी कोणासाठी? सात मिनिटांची गोष्ट ८५ मिनिटं ताणलेली नाही ती, तिला मिटवणारी कडीच काढून टाकली आहे.

तुमची कडी तो कोनाडा. पोराने "संपलं का" विचारलं ते पवळ्या कोनाड्यात परतला म्हणून. चित्रपटात त्याला तिथे परतता येऊ नये, किंवा परतला तरी पूर्वीचा पवळ्या म्हणून परतू नये. हे सापडेपर्यंत कोणाला एक फ्रेमही रंगवायला देऊ नका.

आता जुने भाग जोडण्याबद्दल. टीव्हीसाठी तुम्ही सेकंदाला २५ फ्रेमने काम केलं असणार, थिएटरचं २४ ने चालतं. ते बदलता येतं, आवाज मात्र सांभाळावा लागतो, नाहीतर तुमच्या चाकाचा सूरच खाली उतरेल. मोठी अडचण वेगळी आहे. टीव्हीचं चित्र खोलीच्या कोपऱ्यात असतं, तिथे पवळ्याचा डोळा म्हणजे एक काळा ठिपका पुरतो. थिएटरात तोच ठिपका टोपलीएवढा होतो आणि निर्जीव दिसतो. लाकडाचा पोत टीव्हीच्या मापाने रंगवला असेल तर मोठ्या पडद्यावर धुरकट होतो. रिग, म्हणजे पात्र हलवायचे सांगाडे, नव्याने बांधावे लागतील, हे निर्मात्यांना आजच सांगा. अर्धं काम झाल्यावर कळलं तर भांडण होतं. मी ते भांडण एका कामात पाहिलं आहे आणि ते काम अजून पूर्ण झालेलं नाही.

वेळेचाही अंदाज घ्या. ८० मिनिटं म्हणजे ४,८०० सेकंद, म्हणजे १,१५,२०० फ्रेम. कटआउट पद्धतीत, म्हणजे पात्राचे सुटे तुकडे हलवून, चित्रपटाच्या दर्जाने, एक चांगला ॲनिमेटर दिवसाला पाच सेकंद देतो असं धरा. सहा जण असतील तर नुसत्या हालचालींना १६० कामाचे दिवस. पार्श्वभूमी, रंग, कंपोझिटिंग (सगळे थर एका चित्रात जुळवणं), आवाज हे सगळं वेगळं. आणि दुरुस्त्या यात धरलेल्याच नाहीत.

म्हणून सांगतो, आधी पूर्ण ८० मिनिटांचा ॲनिमॅटिक करा. स्टोरीबोर्डची काळी-पांढरी चित्रं, त्यांवर कामचलाऊ आवाज आणि तुमचं चाक. तीन-चार माणसं पाच-सहा महिन्यांत करतात. तो त्याच सभागृहात, त्याच पोरांना दाखवा. माठाजवळ कोण कितव्या मिनिटाला गेलं ते लिहून ठेवा. निर्मात्यांना पटवायला त्या कागदाहून मोठं काही लागणार नाही.

मुक्या पात्राचं एक पथ्य. ते काही 'म्हणण्याआधी' क्षणभर थांबलं पाहिजे आणि म्हणून झाल्यावरही थांबलं पाहिजे. टीव्हीवर आपण ते थांबणं कापतो, कारण चॅनलला भीती असते की पोरं बटण दाबतील. थिएटरात बटण नसतं. तिथे ते थांबणं परत घ्या.

---

पडदावाला (सक्करदरा, नागपूर)

ताई, मी तीस वर्षं थिएटरच्या धंद्यात काढली, म्हणून दुसरी बाजू सांगतो. राग मानू नका.

पोट्टे पिक्चर निवडत नाहीत, मायबाप निवडतात. ते ट्रेलर पाहतात आन विचारतात, यात आहे कोण? २०१२ च्या मे महिन्यात छोटा भीमचा पिक्चर लागला होता तेव्हा कोणी विचारलं नाही, कारण चार वर्षं ते पोट्टं रोज टीव्हीवर दिसत होतं, घरोघरी डबे-दप्तरं त्याचेच. तुमच्या पवळ्याचे ५२ भाग आहेत, ओळख आहे, पण तेवढी नाही. म्हणून निर्माता नटाचा आवाज मागून राहिला. तो काही चुकीचं मागून राहिला नाही. बोलता बैल अन् त्याला मुंबईला न्या, तिथं हरवू द्या, मोठ्या बिल्डिंगा दाखवा. डोरेमॉनचे पिक्चर पाहा, मालिकेत गल्लीतले गल्लीत राहतात अन् पिक्चर आला की थेट डायनासोरच्या काळात. १९८० पासून तेच करून राहिले, अजून चालून राहिलं.

एक गोष्ट मात्र काळजीपूर्वक ऐका. तारीख. लहान पोट्ट्यांच्या पिक्चरला सकाळचा अन् दुपारचा शो मिळते, संध्याकाळचा नाही मिळत. शाळेच्या दिवसात सकाळचा शो म्हणजे खाली खुर्च्या. पुण्या-मुंबईच्या हिशोबाने तारीख काढाल तर ते मे म्हणतील. आपल्याकडे उन्हापायी शाळा जूनच्या शेवटी उघडते, बाकी महाराष्ट्रात जूनच्या मधातच. म्हणजे जूनचे ते दहा-पंधरा दिवस फक्त विदर्भातले पोट्टे मोकळे असतात अन् तेव्हा घरचे लोक एसीपायीसुद्धा थिएटरात येतात. दुसरा मुहूर्त पोळ्याचा आठवडा. तान्ह्या पोळ्याला नागपुरात शाळा बंद, अन् ज्याच्या हातात लाकडी बैल आहे ते पोट्टं पवळ्याले पाहाले येणार नाही तर काय करीन?

बैल घेऊन येईन त्याला आत घेऊ द्या म्हणा थिएटरवाल्याले. मी असतो तर पहिल्या रांगेसमोर बैलांचा पोळा भरवला असता.

---

रेघोट्या (महाल, नागपूर)

पडदावाले काका, राग कशाला मानू. तारखेचं तुम्ही सांगितलं ते मला कोणीच सांगितलं नसतं. वहीत लिहून घेतलं. आणि बैल घेऊन थिएटरात येणारी पोरं मला आत्ताच दिसायला लागली आहेत.

पण मुंबई नको, काका. पवळ्याला मुंबईत हरवला तर मुंबईतली पोरंसुद्धा त्यांना रोज दिसतं तेच बघतील. मालिकेसाठी मी खांदेमळणीची संध्याकाळ काढली होती, बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणतात ती. चॅनलच्या एका बैठकीत मला सांगितलं गेलं की हे बाहेर कोणाला कळणार नाही, काढून टाका. मी हट्टाने ठेवलं. पुढे सर्वांत जास्त पत्रं त्याच भागाला आली, त्यातली कितीतरी अशा गावांतून जिथे पोळा ठाऊकही नाही. बैलाला कोणी हात जोडून जेवायला बोलावतं, हे मुलांना न समजावता कळतं.

कागदपेन्सिल, तुमचा कोनाडा डोक्यातून जात नाही. रात्रभर कोनाडा पाडून पाहिला, घर विकून पाहिलं, बैल चोरून पाहिला. चोर आला की सगळी गोष्ट चोराची होते आणि पवळ्या नुसतं सामान उरतो. अजून सापडलेलं नाही.

---

काळा कोट (सिव्हिल लाइन्स, नागपूर)

कथेतलं मला कळत नाही, पण कोणी कागदांबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. ताई, चॅनलशी झालेला करार उघडा आणि पवळ्या कोणाचा आहे ते आधी बघा.

प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ चा. त्यात तयार मालिकेचा हक्क वेगळा आणि तिच्यात वापरलेल्या चित्राचा, कथेचा हक्क वेगळा. कलम १३(४) तेच सांगतं. पवळ्याचं मूळ रेखाटन तुम्ही कराराआधी, कोणाच्या नोकरीत नसताना केलं असेल तर पहिली मालकी तुमची. नोकरीत असताना केलं असेल तर कलम १७ प्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसल्यास, मालकाची. म्हणून त्या जुन्या वह्या सांभाळा. तारखेची पानं, त्या काळात पाठवलेले मेल, सगळं.

मग बघा की तुम्ही काय लिहून दिलं आहे. हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. कोणतं काम, कोणते हक्क, किती वर्षं, कोणत्या प्रदेशासाठी, हे त्यात असलं पाहिजे. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. कलम १९. तुमच्या करारात फक्त 'दूरचित्रवाणी मालिका' असं असेल तर चित्रपटासाठी तुम्ही बऱ्याच मोकळ्या आहात. 'सर्व माध्यमं, कायमस्वरूपी' असं असेल तर चॅनलच्या लेखी परवानगीशिवाय निर्मात्यांचा एक रुपयाही घेऊ नका. बारा जुने भाग वापरण्याचा विचार सोडलाच असेल तर उत्तम, ते भाग बहुधा चॅनलचेच निघतील.

आणि टीव्हीला लागत नव्हतं ते सेन्सॉरचं प्रमाणपत्र थिएटरला लागेल. २०२४ च्या नव्या नियमांपासून 'यूए'चे वयाप्रमाणे तीन गट झाले आहेत, ७, १३ आणि १६. तुम्हाला साधं 'यू' हवं, सगळ्या वयांना चालणारं. भीतीदायक प्रसंग असेल तर लिहितानाच विचार करा.

---

दोन लेकरांची आई (धंतोली)

मी इथे कधी लिहीत नाही, नुसती वाचते. मला ॲनिमेशनमधलं काही कळत नाही. पण पवळ्याचे सगळे भाग आमच्या घरी पाठ आहेत, म्हणून राहवलं नाही.

माझ्याकडे शिवणकाम असतं. काल दुपारी मी मशीनला तेल घालत होते, धाकटी जवळ बसली होती. सहा वर्षांची आहे. मशीन आधी खडखड करत होतं, तेल घातल्यावर एकदम गुपचूप चालायला लागलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "आई, पवळ्याच्या चाकाला कोणी तेल घातलं तर?"

मी म्हटलं, चांगलं होईल की, छान पळेल तो. तर तिचे डोळे भरून आले. "मग तो हाक कशी मारेल?"

रात्री झोपतानासुद्धा तिने विचारलं की आपलं तेल कुठे ठेवलं आहेस. मी कपाटात वर ठेवलं असं सांगितलं तेव्हा झोपली. एवढंच सांगायचं होतं. तुमच्या उपयोगाचं नसेल तर राहू द्या.

---

रेघोट्या (महाल, नागपूर)

ताई, धाकटीला माझ्याकडून पोटभर बोजारा. घरी येऊन देणार आहे.

तुमचं वाचलं तेव्हा मी स्वयंपाक करत होते. गॅस बंद केला आणि तिथेच किराणा यादीच्या मागे चित्रं काढायला बसले. अजून कच्चं आहे, पण इथल्या सगळ्यांनी मिळून दिलं आहे म्हणून इथेच आधी सांगते.

तेल घालणारा दुष्ट नाही. तो मुलीचा आजोबा आहे. तान्हा पोळा आहे, नातीचा बैल रांगेत कुरकुरायला नको म्हणून पहाटे उठून तो मशीनच्या तेलाचे चार थेंब चाकात सोडतो, फडक्याने पुसतो, पाठीवरून हात फिरवतो. पवळ्या हे सगळं पाहतो आहे आणि त्याला काही म्हणता येत नाही. दिवस मारबतीचाही आहे, इडापीडेचे मोठे पुतळे मिरवत नेऊन जाळायचा. १८८१ पासूनची काळी मारबत, १८८५ पासूनची पिवळी मारबत, सोबत बडगे नावाचे पुतळे, ढोल, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" असा गजर, लोकांचा समुद्र. दोरी हातातून सुटते. मुलगी कान देऊन उभी आहे, आजवर तिने त्याला कायम आवाजावरून शोधलं आहे. तो तिच्या चार पावलांवरून सरकत जातो. चाक लोण्यासारखं फिरतं. कोणीतरी त्याला उचलून बडग्याच्या गाडीवर ठेवतं, सजावट समजून. आणि ती गाडी जिथे चालली आहे तिथे संध्याकाळी सगळं पेटवतात.

म्हणजे मुका नायक चालेल का हा प्रश्नच राहिला नाही. तो मुका कधी नव्हताच. चित्रपटात पहिल्यांदा होतो. आणि आता नटाचा आवाज घालायचा तरी कुठे, हे मी निर्मात्यांना ही चित्रं पुढे ठेवूनच विचारणार आहे. काळा कोट, पेटवण्याचा प्रसंग 'यू'मध्ये बसवायचं डोक्यात ठेवलं आहे. आगीपर्यंत पोचायच्या आधी पाऊस येतो, भाद्रपद आहे, नागपूर आहे, येणारच.

कागदपेन्सिल, तुमच्या कोनाड्याचं उत्तर त्या पावसात आहे. पवळ्या रात्रभर भिजतो. लाकूड फुगतं, खिळ्याभोवती आवळतं आणि पहाटे चाक पुन्हा बोलतं, पण जाड, कण्हल्यासारखं. पवळ्याचा आवाज परत येतो, पूर्वीचा नाही. मुलगी हाक ऐकते आणि थांबते. तुम्ही म्हणालात ते थांबणं तिथे मी पूर्ण आठ सेकंद धरणार आहे. हा आवाज त्याचा आहे की नाही हे तिने एकटीने ठरवायचं.

जुलैत रेकॉर्ड करून बाजूला टाकलेले ते फुगलेल्या चाकाचे आवाज काल रात्री जुन्या हार्ड डिस्कवर शोधले. पुसले असतील अशी भीती होती. ४१ सापडले.